खोटा हात

चार वर्षं ती आपल्या दिराच्या मरणाची वाट बघत होती. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही, बघतच होती. सकाळी चहाचं आधण ठेवताना भिंतीपलीकडून त्याच्या खोकल्याची उबळ ऐकू आली की तिच्या मनात यायचं, आज तरी जातोय का हा! आणि तो खाकरून, शीळ घालत बाहेर पडला की तिचा अख्खा दिवस नासायचा. घर एकच होतं, मधे फळ्यांची भिंत. अलीकडच्या खोलीत ती एकटी. पलीकडे दीर, जाऊ आणि सासूबाई. फळ्यांना इतक्या फटी होत्या की पलीकडे कोण कुशीवर वळलं तेही कळावं, पण चार वर्षांत त्या फटींतून एक बरा शब्द म्हणून इकडे आला नव्हता.

कारण ती वळव्याची बायको होती.

आता वळव्या म्हणजे काय, ते सांगायचं तर आधी समुद्राचं सांगावं लागेल. त्या किनाऱ्याला ना धक्का, ना बंदर. उघडी वाळू आणि समोर उघडं पाणी. दीडशे पावलांवर पाण्याखाली वाळूचा एक लांबलचक उंचवटा आहे, आणि सगळी भानगड त्या उंचवट्याची. ओहोटीला त्याच्यावर पाणी कमी, त्यामुळे बाहेरून आलेली लाट तिथे अडखळते, ताठ उभी राहते आणि धाडकन आपटते. पूर्ण भरतीला उंचवट्यावर पाणी भरपूर, लाट सुखाने आत येते. पण मग ती थेट किनाऱ्याच्या चढावर आदळते आणि होडी ढकलायच्या आधीच तिच्या फळ्या मोकळ्या करते. पाणी उतरायला लागलं की त्याहून वाईट, कारण बाहेर निघालेलं पाणी आत येणाऱ्या लाटेच्या पायात पाय घालतं. मग राहिलं काय? भरती अर्धी चढल्यापासून पुढचे दोन तास. तेवढ्यात ज्याला जायचं त्याने जावं, नाहीतर घरी बसून बायकोची बोलणी खावीत.

त्या दोन तासांतही मनाला येईल तेव्हा निघता येत नाही. लाटा टोळीने येतात. चार-सहा मोठ्या, मग जरा उसंत, मग पुन्हा टोळी. होडी किनाऱ्यालगतचा फेस ओलांडून उंचवट्याच्या अलीकडे, खोलगट पाण्यात, नाक समुद्राकडे धरून थांबते. तिथून दहा-बारा वल्ही मारली की पार. पण वल्ही मारणाऱ्याचं तोंड किनाऱ्याकडे आणि पाठ समुद्राकडे. लाट त्याला दिसतच नाही. म्हणून खडकावर एक जण हात वर धरून उभा असतो. तो मोजतो. टोळीतली शेवटची लाट गेली की हात खाली पाडतो, आणि हात पडला की होडीवाल्याने जीव खाऊन वल्ही मारायची. मान वळवायची नाही, आणि काही झालं तरी होडी वळवायची नाही. नाक समोर असलेली होडी लाटेवर चढते. आडवी झालेली होडी गुडघाभर पाण्यातही उलटते. हात पडल्यावर होडी वळवणारा तो वळव्या. त्या किनाऱ्यावर चोराला एक वेळ मुलगी देतील, वळव्याला देणार नाहीत.

तिचा नवरा वळव्या ठरला होता. त्या दिवशी खडकावर त्याचाच धाकटा भाऊ होता, म्हणजे हाच तो दीर. हात पडला, नवऱ्याने वल्ही मारली, उंचवट्यावर भिंतीसारखी लाट उभी राहिली, आणि दीर खडकावरून बोंबलला, “वळवली! दादाने होडी वळवली रे!” बाकीचे आपापल्या होड्यांना खांदे लावून वाळूत पाय रोवत होते, त्यांची तोंडं खाली. त्यांनी वर बघितलं तेव्हा उलटी होडी तेवढी दिसली. तिसऱ्या दिवशी माणूस मिळाला. दीर आईच्या गळ्यात पडून रडला. “मी नीट हात दिला गं आई, त्यानेच वळवली.” आणि मग आपणहून खडक सोडला. म्हणाला, दादा गेला, आता तिथे उभं राहवत नाही. लोकांनी डोळे पुसले. काय हो भावावरची माया! ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

कारण तिने बघितलं होतं. ती वाळूत बसून जाळं दुरुस्त करत होती, तोंड समुद्राकडे. होडीचं नाक शेवटपर्यंत सरळ होतं. होडी लाटेवर उभी चढली आणि मागे कोसळली. तिने ते दहा जणांना सांगितलं. दहाही जणांनी मान डोलावली आणि पाठ फिरल्यावर म्हणाले, बायकोच ती, दुसरं काय बोलणार! सासूबाई तर सरळ म्हणाल्या, “माझ्या पोटी भित्रा जन्मला, ते माझं नशीब. तू आता त्याच्यावर पांघरूण घालू नकोस.”

दिराने सोडलेल्या खडकावर मग म्हातारबा पुन्हा चढले. आयुष्यभर हात दिलेला माणूस, गुडघे गेलेले, डोळे जात चाललेले. ती जाळं घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसायला लागली आणि बसल्या बसल्या शिकली. दोन लाटांमध्ये किती आकडे मोजून होतात, वादळ लांबचं असेल तर अंतर कसं वाढतं, उसंत कशी लांबते. आणि दीड वर्षाने एका सकाळी, हातात सुई असताना, तिला लख्ख उमगलं. त्या दिवशी टोळी पाचाची होती. आणि तिला पक्कं आठवत होतं की हात पडला तेव्हा टोळी लागल्यापासून जाळ्यावर तीनच गाठी झाल्या होत्या. एका लाटेला एक गाठ, अशी तिची लयच होती. हात तिसरीवर पडला होता.

नवरा गेला त्याच आठवड्यात म्हातारबा किनाऱ्याचा कारभार त्याच्या, म्हणजे थोरल्याच्या हाती देणार होते. कोणाची होडी आधी, कोणाची नंतर, कोणी आज जायचंच नाही, हे सगळं थोरला ठरवणार होता. धाकट्याच्या पोटात दुखलं. बहुतेक त्याला भावाला नुसतं भिजवायचं होतं, चारचौघांत त्याचं हसं करायचं होतं. भिजवायला गेला आणि बुडवून आला! पण हे सांगायचं कोणाला? त्या किनाऱ्यावर हात चुकू शकत होता, उशिरा पडू शकत होता. जाणूनबुजून चुकीचा हात कोणी देईल, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात शिरली नसती. त्याला शब्दसुद्धा नव्हता.

ती मूग गिळून बसली आणि शिकत राहिली. म्हातारबांना दिसेनासं झालं तेव्हा आधी ती खालून आकडे सांगायची आणि ते हात पाडायचे. मग एक दिवस ते म्हणाले, “पोरी, आता तूच चढ.” पुरुष कुरकुरले, मग गप्प झाले, कारण पुढच्या चौदा महिन्यांत एकही होडी उलटली नाही. “वळव्याचीचा हात आहे, चला निर्धास्त,” असं म्हणायचे. कौतुकसुद्धा असं, की ऐकून कानशिलात द्यावीशी वाटावी. आणि ज्याच्यासाठी ती खडकावर चढली होती, तो मात्र तिच्या हाताखाली कधी आलाच नाही. तो पलीकडच्या खाडीच्या तोंडातून होडी काढायचा. तिथे लाट नाही, हात लागत नाही.

मग एका वादळाने खाडीचं तोंड वाळूने बुजवून टाकलं.

वादळाच्या आधी दिराने जाळी बाहेर समुद्रात टाकून ठेवली होती. तीन दिवस तो घरात येरझाऱ्या घालत होता. फळ्यांपलीकडून तिला सगळं ऐकू येत होतं.

“जाळ्यांच्या चिंध्या होतील तिकडे,” सासूबाई म्हणाल्या. “सगळे जाऊन आले समोरून. तूच काय तो राहिलायस.”

“उद्या बघू गं आई.”

“उद्याचं काय घेऊन बसलास? भावजयीच्या हाताला घाबरतोस की काय? थोरल्याने एकदा नाक कापलं, आता तू काप.”

पलीकडच्या येरझाऱ्या थांबल्या. अलीकडे तिने चहाचा कप खाली ठेवला आणि स्वतःशीच हसली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला सासूबाईंचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती अर्धी चढली तेव्हा दीर होडी घेऊन समोरच्या वाळूत हजर होता. होडी ढकलायला त्याचा मेहुणा आला होता, तोंडाने अखंड चालू असलेला माणूस. “दाजी, पोट आत घ्या, नाहीतर होडी इथेच टेकेल,” असं म्हणून तो एकटाच हसला. मागे आणखी पाच होड्या रांगेत होत्या. म्हातारबा उपड्या पेटीवर बसले होते. आणि सासूबाईही आल्या होत्या, पदर खोचून, पोराची शान बघायला.

दीर खडकाच्या पायथ्याशी आला. वर न बघताच म्हणाला, “वहिनी, नीट बघ हं.”

“बघते ना भाऊजी,” ती म्हणाली. “तुमच्याकडे तर डोळ्यांत तेल घालून बघणार.”

त्याचा चेहरा उतरला. पण सगळे बघत होते, आई बघत होती. तो होडीत बसला, मेहुण्याने आणि दोघांनी कमरेभर पाण्यातून रेटून होडी फेसापार काढून दिली, आणि दीर खोलगट पाण्यात जाऊन थांबला. तोंड तिच्याकडे, पाठ समुद्राकडे. मधे शंभरेक पावलांचं पाणी, पण त्याचे डोळे तिला स्वच्छ दिसत होते. तिने हात वर केला.

लाटा लांबच्या वादळाच्या होत्या. दोन लाटांमध्ये चौदा आकडे, टोळी पाचाची. सकाळपासून तिने हेच दहादा मोजून बघितलं होतं. अगदी त्या दिवसासारखं! तिसरी गेली की हात पाडायचा. चौथी त्याला उंचवट्यावर गाठेल, आणि तिच्यातून वाचलाच तर पाचवी आहे. होडीत तो एकटा होता, दुसऱ्या कोणाचा जीव जाणार नव्हता. लोक म्हणतील, वळव्याचीचा हात चुकला. म्हणू देत.

पहिली लाट आपटली. दुसरी. तिसरी उंचवट्यावर फुटली, फेस दिराच्या होडीखालून गेला, होडी वर-खाली झाली.

पाड, ती स्वतःला म्हणाली. पाड ना मेले!

हात पडेना. तिने मनात शिव्या घातल्या, दात आवळले, नवऱ्याचा तिसऱ्या दिवशी मिळालेला चेहरा डोळ्यांपुढे आणला. हात वर तो वरच. चौदा महिने रोज तो टोळी संपेपर्यंत वर राहिला होता, तो आज तिचं ऐकायला तयार नव्हता. चौथी गेली. पाचवी गेली. पाणी सपाट झालं, मोठी उसंत लागली, आणि मग तो हात पडला. तिने पाडला नाही, आपोआप पडला. चार वर्षांचा डाव असा फुकट गेला, आणि रागाने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

दिराने वल्ही मारली. एक, दोन, तीन, चार. तो तिच्याकडेच बघत होता. ती रडताना त्याला दिसली. ती का रडतेय, याचा त्याने आपल्या परीने अर्थ लावला. पाचव्या वल्ह्याला त्याने मान वळवली. मागून उंचवट्यावरून एक लाट येत होती, एवढीशी, टोळी सरल्यावर येतात तशी चुकार. होडीत बसलेल्याला खालून ती डोंगराएवढी वाटली असेल.

त्याने होडी वळवली.

“अरे! अरे, वळवतोय!” मेहुणा ओरडला. सगळ्या किनाऱ्याने बघितलं. या खेपेला कोणाचीही मान खाली नव्हती. होडी आडवी झाली, ती चुकार लाट तिच्या कुशीत शिरली आणि होडी अलगद उलटली. मेहुणा आणि दोघे पाण्यात धावले. छातीभर पाण्यातून त्यांनी दिराला ओढत बाहेर आणलं. होडीच्या काठाखाली सापडून त्याचा पाय नडगीत मोडला होता. नाकातोंडातून पाणी गळत होतं, पण शुद्धीवर होता. चांगला बोंबलण्याइतका शुद्धीवर होता.

“खोटा हात!” तो खडकाकडे बोट करून ओरडला. “हिने मला खोटा हात दिला! मारायला निघाली होती मला!”

मग म्हातारबांनी कान पुढे केला. “काय म्हणालास? कसला हात?”

“खोटा, खोटा! मुद्दाम लाटेखाली घालायला दिलेला!”

“असं कोण करेल रे?” म्हातारबांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मेहुणा समुद्राकडे बघत होता. पाणी अजून सपाटच होतं. “दाजी, शुद्धीवर आहात ना?” तो म्हणाला. “उसंत अजून चालू आहे बघा. तुम्हाला उलटवलं त्या लाटेत तर माझी पोर डुंबते.”

सासूबाई सावकाश पुढे आल्या. पोराच्या मोडलेल्या पायाकडे त्यांनी बघितलं नाही, चेहऱ्याकडे बघितलं. “एवढं आयुष्य गेलं माझं या वाळूत,” त्या म्हणाल्या. “असलं काही मी ऐकलं नाही. तुला कुठून सुचलं?”

“आई, तिलाच विचार! ती देणार होती, मला दिसलं तिच्या तोंडावर!”

सगळ्यांनी वर बघितलं. नुसतं ‘छे, काहीतरीच’ म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं. चौदा महिन्यांच्या हातापुढे त्याचं कोणी ऐकलं नसतं. पण तिचा राग नुसता छे म्हणून भागणारा नव्हता.

“हो, देणार होते,” ती म्हणाली.

म्हातारबा पेटीवरून उठून उभे राहिले.

“तिसरीवर पाडणार होते. याने माझ्या माणसाला पाडला होता तसाच. टोळी पाचाची होती त्या दिवशी, आणि हात पडला तेव्हा माझ्या जाळ्यावर तीनच गाठी झाल्या होत्या. तुम्हाला कोणाला सुचलं नाही, मला दीड वर्ष सुचलं नाही. याला बरं पाण्यात बसल्या बसल्या सुचलं! मी पाडला नाही. याने पाडला. विचारा त्याला.”

कोणी विचारलं नाही. दीर वाळूकडे बघत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्या तिथेच वाळूत मटकन बसल्या.

“पोरी,” म्हातारबा शेवटी म्हणाले. “मनात आलं होतं म्हणालीस. आता तुझ्या हाताखाली कोण जाईल?”

“मी जातो,” मेहुणा म्हणाला. त्याने आपली होडी पाण्याच्या कडेला ओढली. “एवढं मनात येऊनही जिचा हात पडला नाही, तिच्याहून भरवशाचा हात कुठे शोधू? चल ताई, भरती चढतेय, अजून तासभरच आहे.”

दुसऱ्याने होडी लावली. तिसऱ्याने लावली. पाचही जण होडीला हात लावून वर बघत उभे राहिले. तिने हात वर केला नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“आधी म्हणा,” ती म्हणाली.

“काय म्हणू?”

“चार वर्षं वळव्याची, वळव्याची करत होतात, तेव्हा बरं तोंड चालत होतं. आता म्हणा, तो वळला नाही. एकेकाने म्हणा.”

“नाही वळला,” मेहुणा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला पुढे विनोद सुचला नाही. मग दुसरा म्हणाला. मग बाकीचे, कोणी घसा खाकरून, कोणी खाली बघत. म्हातारबांनी हात जोडले आणि म्हटलं. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि मग दिराकडे बोट केलं.

“तो वळला नाही,” दीर पुटपुटला.

“ऐकू आलं नाही.”

“दादा वळला नाही.”

“याच खडकावरून ओरडला होतास तू,” ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती त्याला कधी अरेतुरे बोलली नव्हती. “अख्ख्या किनाऱ्याला ऐकू गेलं होतं. तेवढ्याच जोरात ओरड.”

त्याने मोडका पाय दोन्ही हातांनी धरला, श्वास घेतला आणि ओरडला, “दादाने होडी वळवली नाही! मी हात खोटा दिला!”

त्याच्यापासून दोन हातांवर बसलेल्या सासूबाईंनी कानांवर तळवे दाबून धरले.

“पुन्हा,” ती म्हणाली.